सहीनंतरचे वालचंद

जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही वाहने एकाच माणसाच्या चरित्रात यावीत, हा योग फार दुर्मीळ. शेठ वालचंद हिराचंद यांच्या चरित्रात तो आला. त्यामुळे शालेय पुस्तकांपासून स्मरणिकांपर्यंत सगळीकडे ते भेटतात ते मोठी स्वप्ने पाहणारा धाडसी उद्योगपती म्हणून. ते चित्र खोटे नाही. पण माझ्यासारख्या, उभा जन्म बँकेत कागद वाचण्यात घालवलेल्या माणसाला त्या चित्राच्या मागे दुसरेच काही दिसते. मला करारनामे दिसतात. या माणसाने आयुष्यभर सह्या केल्या. रेल्वेशी केल्या, इंग्रज जहाजवाल्यांशी केल्या, अमेरिकन कारखानदारांशी, संस्थानाशी आणि सरकारशी केल्या. त्यातल्या काहींनी त्यांना तारले, काहींनी जखडून ठेवले. वालचंद समजून घ्यायचे तर त्यांची स्वप्ने बाजूला ठेवून थोडा वेळ त्यांच्या सह्यांकडे पाहावे, असे मला फार दिवसांपासून वाटत होते.

मी हे येलदरीत बसून लिहितो आहे, त्यालाही कारण आहे. आमच्याकडे कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात आणि कंत्राटाला गुत्ते. पूर्णा नदीवरचे इथले धरण १९५८ ते १९६८ या काळात उभे राहिले. चार किलोमीटरहून लांब बांध आणि पायथ्याशी साडेबावीस मेगावॅटचे वीजघर. एवढे मोठे काम म्हटले, की मातीच्या ढिगाबरोबर कागदांचाही ढीग आलाच. निविदा, अनामत, दरपत्रक, मोजमापाची वही, दंडाची कलमे. धरण पाहायला येणाऱ्याला पाणी दिसते, कागद दिसत नाही. वालचंदांचा धंदाही असाच मातीकामाच्या गुत्त्याने सुरू झाला, आणि तोही आमच्या मराठवाड्यातच.

येडशीची माती

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरला झाला. घराणे काठेवाडातून महाराष्ट्रात येऊन स्थिरावलेल्या दोशींचे, धर्माने दिगंबर जैन, व्यवसाय कापसाचा आणि सावकारी पेढीचा. वडील हिराचंद नेमचंद हे धर्मसुधारणेच्या कामात रमलेले, सोलापुरातले मान्यवर गृहस्थ. वालचंद अगदी तान्हे असतानाच आई गेली. मुंबईचे सेंट झेविअर्स आणि पुण्याचे डेक्कन अशी दोन महाविद्यालये त्यांनी पाहिली, पण पदवी न घेताच ते घरच्या पेढीवर आले. पेढीवर त्यांचे मन रमले नाही. दुसऱ्याच्या मालावर अडत मिळवण्यापेक्षा आपण काहीतरी उभारावे, असा त्यांचा पिंड होता.

अशात त्यांची गाठ लक्ष्मणराव फाटक यांच्याशी पडली. फाटक मूळचे रेल्वेतले कारकून. नोकरी सोडून ते लहानसहान कंत्राटे घेऊ लागले होते. त्यांच्यापाशी कामाची माहिती होती, भांडवल नव्हते. वालचंदांपाशी घराण्याची पत होती, अनुभव नव्हता. दोघांनी भागीदारी केली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या तुकड्याचे काम घेतले. अडीच फूट रुंदीची ती चिमुकली गाडी आमच्या पिढीतल्या अनेकांनी पाहिली आहे. तिच्या जागी आता ब्रॉडगेज आली.

जैन पेढीवाल्याचा मुलगा आणि ब्राह्मण कारकून ही जोडी त्या काळी विजोड वाटली असेल. पण भागीदारीचे सार तिच्यात होते. जे एकापाशी नाही ते दुसऱ्यापाशी असले पाहिजे, आणि कोणी काय आणले हे दोघांनाही नीट ठाऊक असले पाहिजे.

मातीकामाचे गुत्ते ही करारशास्त्राची उत्तम शाळा आहे. दर ठरतो ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांवर. माती कुठून आणायची, किती लांबून, मध्ये खडक लागला तर दर कोणता, पावसाने भराव वाहून गेला तर पुन्हा कोणाच्या खर्चाने टाकायचा, हे सगळे आधी लिहिलेले नसेल तर गुत्तेदार बुडतो. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या ५५ व्या कलमात मुदतीचा विचार आहे आणि ७४ व्या कलमात दंडाचा. करारात दंडाचा आकडा कितीही मोठा घातला, तरी न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. पण न्यायालयापर्यंत जायला दम लागतो. लहान गुत्तेदाराचा दम त्याआधीच संपतो.

बँकेत असताना एक गुत्तेदार माझ्याकडे नेहमी येत असे. कालव्याच्या एका कामावर साहेबांनी तोंडी सांगितले म्हणून त्याने दोन मोऱ्या जादा बांधल्या. बिलाची वेळ आली तेव्हा साहेब बदलून गेले होते आणि मोजमापाच्या वहीत त्या मोऱ्यांची ओळच नव्हती. मोऱ्या डोळ्यांना दिसत होत्या, त्यांखालून पाणी वाहत होते, पण कागदावर त्या नव्हत्या. त्याच्या बायकोच्या पाटल्या आमच्या तिजोरीत येऊन पडल्या. राज्यघटनेच्या २९९ व्या कलमाप्रमाणे सरकारशी होणारा करार राज्यपालांच्या वा राष्ट्रपतींच्या नावाने, लेखी आणि अधिकृत माणसाच्या सहीनेच व्हावा लागतो. कायदा अगदीच निष्ठुर नाही. करार कायद्याच्या ७० व्या कलमाखाली, फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या आणि समोरच्याने लाभ घेतलेल्या कामाचा मोबदला मागता येतो. साठच्या दशकाच्या आरंभी बंगालच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तसा मोबदला दिलाही. पण त्यासाठी वर्षे जातात, आणि तोवर पाटल्या गहाणच राहतात.

वालचंद या शाळेत तावून निघाले. १९२० साली टाटांना बरोबर घेऊन टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. बोरघाटातले रेल्वेचे बोगदे आणि मुंबईला पाणी आणणारी तानसाची जलवाहिनी यांसारखी कामे तिने केली. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी आली. येडशीच्या मातीतून निघालेला माणूस आता डोंगर फोडत होता.

दहा वर्षांचे जोखड

१९१९ साली ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे 'लॉयल्टी' हे जहाज विकायला निघाले. महायुद्धात ते इस्पितळ म्हणून वापरलेले होते. वालचंद, नरोत्तम मोरारजी, लल्लुभाई सामळदास आणि किलाचंद देवचंद यांनी ते विकत घेतले. २७ मार्च १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची नोंदणी झाली आणि ५ एप्रिलला 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. वालचंद स्वतः जहाजावर होते. तो ५ एप्रिल आता देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. जहाजाने मात्र पैसा मिळवून दिला नाही. काही वर्षांतच ते मोडीत निघाले.

खरा सामना समुद्राशी नव्हताच. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरची मालवाहतूक लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या मुठीत होती. दक्षिणेत चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ मध्ये काढलेली स्वदेशी जहाज कंपनी याच मुठीत चिरडली गेली होती. भाडे पाडणे हे एक हत्यार होते. दुसरे त्याहून बारीक होते. व्यापाऱ्याने भरलेल्या भाड्यातला काही भाग त्याला परत मिळणार, पण लगेच नाही, काही महिन्यांनी. तेवढ्या काळात त्याने दुसऱ्या कोणाच्या जहाजातून एक पोते जरी पाठवले, तरी सगळी रक्कम बुडणार. म्हणजे व्यापाऱ्याचाच पैसा अडकवून त्याला बांधून ठेवायचे. आज एखादी योजना मध्येच सोडली तर सगळे लाभ जातील, असे सांगणारी बारीक अक्षरे आपण वाचतो ना, त्यांची ही आजी.

या भाडेयुद्धात सिंदियाचे पैसे पाण्यासारखे गेले. अखेर १९२३ मध्ये कंपनीने इंचकेप यांच्याशी दहा वर्षांचा करार केला. सिंदियाने ७५ हजार टनांपलीकडे जहाजे वाढवायची नाहीत, किनाऱ्यावरच्या मालवाहतुकीवर समाधान मानायचे, प्रवासी घ्यायचे नाहीत, परदेशी मार्गांवर जायचे नाही. त्याच्या बदल्यात भाडेयुद्ध थांबणार. स्वतःच्या देशाच्या किनाऱ्यावर परक्याच्या परवानगीने जहाज चालवायचे! करार कोणाही मानी माणसाला बोचावा असाच होता, आणि देशात त्यावर टीकाही भरपूर झाली.

कायदा जाणणारा वाचक इथे विचारील, की करार कायद्याचे २७ वे कलम तर धंद्याला आडकाठी करणारा करार निरर्थक ठरवते, मग हा कसा चालला? या कलमाचा अर्थ न्यायालयांनी हळूहळू घडवला आहे. करार संपल्यावरही माणसाचे हात बांधून ठेवणारी अट टिकत नाही. पण करार चालू असेपर्यंत दोन पक्षांनी एकमेकांवर घातलेल्या मर्यादेकडे न्यायालय बरेचदा वेगळ्या नजरेने पाहते. कल्याणजवळच्या एका कारखान्यात परदेशी कंपनीकडून घेतलेल्या टायरच्या धाग्याच्या तंत्राचे गुपित होते. तिथला एक कर्मचारी पाच वर्षांचा करार मोडून प्रतिस्पर्ध्याकडे गेला, तेव्हा १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मुदत त्याच्यावर बंधनकारक धरली. १९९५ मध्ये शीतपेयाच्या बाटल्या भरणाऱ्या गुजरातमधल्या कंपनीच्या खटल्यातही करार चालू असतानाचे बंधन न्यायालयाने मान्य केले. म्हणून अशा करारात पाहायचे ते बंधन किती कडक आहे एवढेच नाही. ते कोणत्या तारखेला सुटते, हे आधी पाहायचे.

सिंदियाच्या कागदावर ती तारीख होती. बँकेत कर्जाचा कागद वाचताना मी नेहमी शेवटचे पान आधी उघडत असे. म्हणून असेल, पण या कराराचा जीव मला त्या दहा वर्षांत दिसतो. कंपनी जिवंत राहिली. नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर १९२९ मध्ये वालचंद अध्यक्ष झाले. मुदत संपल्यावर पुन्हा वाटाघाटी झाल्या, आणि हळूहळू कंपनीने प्रवासी वाहतुकीतही पाऊल टाकले. जोखड मानेवर असताना बैल मेला नाही, हेच मोठे होते.

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला

पण वालचंद नेहमीच दुबळ्या बाजूला नव्हते. त्याच १९२३ च्या सुमारास त्यांनी मालेगावजवळ रावळगावला माळरान घेऊन शेती सुरू केली. इंदापूर तालुक्यात कळंबजवळ नीरेच्या कालव्याखाली त्यांच्या उद्योगाचा ऊस उभा राहिला आणि त्या वस्तीचे वालचंदनगर झाले. दोन्हीकडे साखर कारखाने निघाले, शाळा आल्या, रस्ते आले. ओसाड जमिनीचे सोने झाले, यात शंका नाही.

मात्र त्या काळात खासगी साखर कारखान्यांनी महाराष्ट्रात ठिकठिकाणी शेतकऱ्यांच्या जमिनी लांब मुदतीच्या खंडाने घेतल्या. लिहिता न येणाऱ्या शेतकऱ्याने अंगठा दिला, तेव्हा आपल्या नातवाला ही जमीन परत कशी मिळेल हे त्याला कोण सांगणार? पुढे १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा आला, कारखान्यांच्या जमिनी १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या, वालचंदनगरची जमीनही त्यात आली. खंडकरी शेतकऱ्यांचा लढा चालू राहिला आणि जमिनी प्रत्यक्ष परत मिळू लागायला २०१२ साल उजाडावे लागले. याचा सगळा बोल वालचंदांना लावणे अन्यायाचे होईल. ते तर १९५३ मध्येच गेले. पण लंडनच्या टेबलावर शेवटची तारीख मिळवणे आणि इंदापूरच्या बांधावर ती मिळवणे, यात अंतर होते. ते अंतर करार कायद्याने नव्हे, परिस्थितीने घातलेले होते. चरित्र लिहिताना हेही सांगितले पाहिजे.

मोटार आणि विमान

हिंदुस्थानात मोटार तयार व्हावी, हा ध्यास विश्वेश्वरय्यांचा आणि वालचंदांचाही. मुंबईत बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले, तेव्हा या कारखान्याच्या भांडवलावर किमान परताव्याची हमी मिळण्याची आशा निर्माण झाली. १९३९ च्या अखेरीस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि त्या आशेतून पुढे काही निष्पन्न झाले नाही. ज्या आश्वासनामागे अंमलबजावणीचे कलम नसते, ते आश्वासन देणाऱ्याच्या खुर्चीइतकेच टिकते.

फोर्डशी बोलणी फिसकटली. क्रायस्लरशी जमली. तंत्रसहकार्याचा करार हा घरच्या लग्नासारखा असतो. मुहूर्ताच्या दिवशी सगळे हसतात, खरे प्रश्न नंतरचे असतात. नकाशे आणि कृती कोण देणार, रॉयल्टी कशावर मोजायची, सुटे भाग किती वर्षांत इथे बनवायचे, पुढे सुधारणा झाली तर ती कोणाची, नाव कोण वापरणार, आणि भांडण झाले तर न्याय कुठल्या देशात मागायचा? प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी बाहेर पडली. पुढे कंपनीने फियाटशीही करार केला. फियाटचे नाव जाऊन तीच गाडी सत्तरच्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसलेल्या प्रत्येकाने तंत्रसहकार्याच्या कराराचे फळ चाखले आहे. नाव उसने होते, ते परत गेले, पण गाडी बनवणारे हात इथलेच राहिले. उसन्या तंत्राच्या कराराची कसोटी हीच. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने मुंबईचा निरोप घेतला.

विमानाची कथा वेगळी. १९३९ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात, प्रवासात, वालचंदांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान व्यावसायिकाशी ओळख झाली. २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. म्हैसूर संस्थानाने जमीन दिली आणि २५ लाख रुपये घातले. दिवाण सर मिर्झा इस्माईल यांचा यात मोठा हात होता. १९४१ मध्ये हिंदुस्थान सरकार तिसरे भागीदार झाले आणि त्याच वर्षी हार्लो जातीचे पहिले विमान तिथून उडाले. जपानी सैन्य ब्रह्मदेशात घुसताच चित्र पालटले. एप्रिल १९४२ मध्ये सरकारने वालचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हिस्सा विकत घेतला. म्हैसूरने हिस्सा विकला नाही, पण कारभारावरचा हक्क सोडला. ज्याने रोप लावले त्याला फळे लागण्याआधीच बागेबाहेर जावे लागले. भागीदारांतला एक जण सरकार असतो, तेव्हा तो एकाच वेळी भागीदार, गिऱ्हाईक आणि कायदा करणारा असतो. अशा करारात समतोल नावापुरताच. त्यातून बाहेर पडताना किंमत पदरात पडली, हे तरी कागदाचेच बळ.

जहाजबांधणीतही थोडेफार असेच घडले. विशाखापट्टणमच्या गोदीची पायाभरणी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते २१ जून १९४१ रोजी झाली. १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी 'जलउषा' पाण्यात सोडले. १९५२ मध्ये गोदीची सूत्रे सरकारी कंपनीकडे गेली. वालचंद तोवर थकले होते. आजाराने त्यांचे शरीर खिळले होते, १९५० मध्ये त्यांनी सिंदियाचे अध्यक्षपद सोडले होते. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

कागदाचे बळ, कागदाची मर्यादा

आज प्रत्येक करारासाठी कोणी स्टॅम्प पेपर घेऊन बसत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या २००८ च्या दुरुस्तीने संगणकावर झालेला करारही केवळ तसा झाला म्हणून नाकारता येत नाही. पुण्यातला तुमचा मुलगा संगणकाच्या कंपनीत रुजू होतो, तेव्हा त्याने लिहिलेले काम कोणाचे, नोकरी सोडल्यावर त्याच्यावर कोणती बंधने, हे एका खुणेने ठरते. गावात शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरसाठी तुम्ही जामीन राहता, तेव्हा १२८ व्या कलमाप्रमाणे तुमची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. करारात वेगळे लिहिले असेल तरच ती कमी. नुसता साक्षीदार समजून जामीनपत्रावर सही करणारी किती माणसे मी माझ्या टेबलासमोर बसलेली पाहिली आहेत! त्यांच्यापैकी एकाचाही हेतू वाईट नव्हता. शेवटचे पान कोणी उघडून दाखवले नव्हते, इतकेच.

वालचंदांचे मोठेपण मला इथे दिसते. परक्या राज्यात, कायदा आपला नसताना, भांडवल अपुरे असताना त्यांनी कागदाला शस्त्र मानले. मनासारखा करार मिळाला नाही म्हणून ते रुसून बसले नाहीत. मिळाला त्यात तग धरून पुढच्या कराराची तयारी करत राहिले. आणि जिथे कागदच नव्हता, नुसता शब्द होता, तिथे त्यांच्यासारख्यालाही हात हलवत परतावे लागले.

त्यांनी उभारलेल्या गोष्टींचे पुढे काय झाले पाहा. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शनने कोयनेचे धरण बांधले आणि वांद्रे-वरळीचा सागरी सेतूही. बंगळूरचा कारखाना आज देशाचा मोठा विमान उद्योग आहे. सिंदियाची जहाजे राहिली नाहीत. आणि रावळगाव? तिथल्या गोळ्या आपण सगळ्यांनी लहानपणी चघळल्या आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत त्या गोळ्यांची नावे, पाककृती आणि सारे हक्क रिलायन्सच्या एका कंपनीने २७ कोटी रुपयांना विकत घेतले. कारखाना, जमीन, यंत्रे जागेवर राहिली. विकली गेली ती फक्त नावे आणि कृती, म्हणजे हातात धरता न येणारी वस्तू, आणि तीही एका करारनाम्याने. वालचंद असते तर त्यांनी तो कागद हातात घेतला असता, आणि माझी खात्री आहे, शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात केली असती.